'चा' आणि 'ना'

आमच्या दुकानात मागच्या भिंतीला दोन फळ्या आहेत. वरच्या फळीवर खडूनं 'चा' लिहिलंय, खालच्या फळीवर 'ना'. नवीन गिऱ्हाईक आलं की वरच्या फळीवर हमखास चहाचा कप ठेवतं आणि माझी बोलणी खातं. 'चा' म्हणजे चहा नव्हे, 'चालेल'. 'ना' म्हणजे 'नाही चालणार'. एवढ्या दोन अक्षरांवर दादानं आणि मी चाळीस वर्षं दुकान चालवलं.

आम्ही जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स नव्यानं बांधतो. दुसरं काही करत नाही. कुणी पंक्चर काढायला आलं तर मी त्याला समोरच्या गल्लीत पिटाळतो. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांचे सुटे भाग मिळणं कधीच बंद झालंय. रबरी सील, कागदी गॅस्केट, क्लचच्या प्लेटा आम्ही नव्या घालतो, कुठून कुठून करवून आणतो. पण पोटातलं लोखंड जुनंच. ड्रम, शाफ्ट, गिअर, पंप, सगळं धुऊन, पुसून, तपासून परत त्याच पोटात. एखादा तुकडा अगदीच कामातून गेला असेल, तर मागे पडलेल्या मेलेल्या बॉक्समधून दुसरा शोधायचा. म्हणजे तोही जुनाच.

तपासायचं काम दादाचं, बांधायचं माझं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्याच्याकडे मोजमापाची सगळी हत्यारं होती, पण ती कपाटात. तो तुकडा डाव्या हातात धरायचा, उजव्या अंगठ्याचं नख त्याच्या कडेवरून ओढायचा आणि बोटांची टोकं अंगावरून फिरवायचा. केसाएवढी चीर असली तरी त्याचं बोट तिथं थांबायचं. मग कानामागचा खडू काढून तुकड्यावर एक अक्षर. चा किंवा ना. संपला विषय.

विषय खरोखरच संपायचा, कारण आमच्यात एक नियम होता. दादानं तपासलेलं मी उलटून बघायचं नाही. हा नियम काही आम्ही बसून ठरवला नव्हता. तीस वर्षांपूर्वी एकदा त्यानं 'चा' केलेला ड्रम मी गिऱ्हाइकासमोर उचलला आणि म्हणालो, "दादा, हा गेलाय रे." ड्रम खरंच गेलेला होता. दादा काही बोलला नाही. पुढचे सहा महिने काही बोलला नाही. एकाच टेबलावर समोरासमोर काम करायचं आणि तो वहिनीला फोन करून सांगायचा, "त्याला म्हणावं, बारा नंबरचा पाना दे." वहिनी मला फोन करायची, "भावजी, बारा नंबरचा पाना द्या म्हणतायत." मी पाना द्यायचो. आज हसू येतं, पण तेव्हा मी दोनदा दुकान सोडायला निघालो होतो. सातव्या महिन्यात तो आपण होऊन बोलला, आणि त्या दिवसापासून मी त्याच्या हाताखालून आलेला तुकडा डोळे मिटून बसवत आलो.

गेल्या वर्षी वहिनी एकदा दुकानात आली. दादा बाहेर गेला होता. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "भावजी, ह्यांच्याकडे जरा लक्ष ठेवा. काल गॅसवरचं पातेलं नुसत्या हातानं उतरवलं. बोटांना फोड आले तरी ह्यांना पत्ता नाही. साखरेमुळं होतं म्हणे असं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर अंगावर येतात."

"आमची कातडी म्हैशीची आहे हो वहिनी," मी म्हणालो. "तेलात, पेट्रोलमध्ये भिजून भिजून."

वहिनीनं माझ्याकडे असं बघितलं की माझं हसू तोंडातच राहिलं. पण तरीही मी काही केलं नाही. दादाला कोण सांगणार? मी सांगितलं असतं तर परत सहा महिने वहिनीच्या मार्फत पाने मागावे लागले असते, आणि आता आमच्या वयात सहा महिने ही काही थोडी गोष्ट नाही. मी स्वतःला हेच सांगत होतो. खरं कारण असं की मला भीती वाटत होती. दादाची बोटं गेली म्हणजे दुकान गेलं, आणि दुकान गेलं म्हणजे आम्ही दोघं कोण उरलो?

त्यातच माझ्या लेकीची गाडी आली.

गाडी खरं तर आमच्या बाबांची, जुनी ऑटोमॅटिक. दुकानाच्या मागच्या शेडमध्ये वीस वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. माझी लेक लहान असताना दादाच्या मांडीवर बसून तिचं स्टिअरिंग फिरवायची. दादाला मूलबाळ नाही. जीव सगळा त्या पोरीवर. "ही गाडी तुझी बरं का," असं त्यानं तेव्हाच सांगून टाकलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं बंद झालं. नवीन ऑटोमॅटिक गाडी घे म्हटलं, तर ती म्हणाली, "माझी गाडी आहे की. काका कधी करून देणार, ते सांगा." दादाला एवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी ताडपत्री निघाली.

लेकीचं घर चढावर आहे. फाटकातून आत शिरलं की फरशीचा आखूड रस्ता सरळ वर जातो, आणि तो असा उभा की पावसाळ्यात पोस्टमन पत्रं फाटकालाच अडकवून जातो. गाडी तिथं वर, दारासमोर उभी राहणार. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बॉक्स खोलला तेव्हा आतलं तेल डांबरासारखं काळं झालेलं. धुऊन सगळे तुकडे टेबलावर मांडले आणि दादा तपासायला बसला. मी पलीकडे पंप जोडत होतो. मध्येच नजर गेली तर टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर लाल ठिपके. दादाच्या तर्जनीत लोखंडाचं कुसळ घुसलं होतं, चांगलं नखाएवढं. रक्त गळत होतं आणि तो त्याच बोटानं शाफ्टची कड चाचपत होता, मान जरा वाकडी करून, काहीतरी ऐकत असल्यासारखा.

"दादा, बोट," मी म्हणालो.

त्यानं बोटाकडे बघितलं. बघितल्यावर त्याला कळलं. कुसळ उपटलं, बोट तोंडात घातलं, आणि दुसऱ्या हातानं शाफ्टवर 'चा' लिहिलं.

मी परत पंपाकडे वळलो.

आता कुत्र्याबद्दल सांगायला हवं. ऑटोमॅटिक गाडी उभी करताना दांडा 'पार्क'वर टाकतात. तेव्हा आत एक लोखंडी खटका खाली पडतो आणि चाकांना जोडलेल्या गिअरच्या दातात त्याचा दात अडकतो. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तसलाच प्रकार. आम्ही त्याला कुत्रा म्हणतो. अख्खी गाडी त्या एका दातावर धरलेली असते. दाताच्या कडा काटकोनात, धारदार हव्यात. कडा झिजून गोल झाल्या की कुत्रा सपाटीवर धरतो, पण उतारावर भार आला की दातावरून घसरून वर उडतो. आणि गाडी चालायला लागते.

त्या दिवशी दुपारी बांधता बांधता मी कुत्र्यापाशी आलो. हातात घेतला. पाठीवर पांढरं स्वच्छ 'चा'. मी डोळे मिटून बसवणारा माणूस, पण अंगठ्याला डोळे नसतात; तो आपला गेलाच कडेवरून. नख कुठंच अडकलं नाही. नदीतल्या गोट्यावरून जावं तसं गुळगुळीत गेलं. दुसऱ्या बाजूनं ओढलं. तेच.

दादा समोर बसला होता. चष्मा कपाळावर, पुढचा तुकडा हातात. माझ्याकडे बघत नव्हता. म्हणजे, मला तेव्हा तसं वाटलं.

मी तोंड उघडलं होतं. खोटं सांगत नाही. 'दादा, हा' एवढे शब्द जिभेवर आले होते. पण त्यापुढचं वाक्य 'हा गेलाय' एवढंच नव्हतं. पुढचं वाक्य होतं, 'तुझी बोटं गेली.' ते मला बोलवेना. आणि आणखी एक सांगतो, मन घट्ट करून सांगतो: असा गुळगुळीत कुत्रा त्या वर्षात माझ्या हाताखालून पहिल्यांदा जात नव्हता. त्याआधी दोन गेले होते. दोन्ही वेळा मी म्हटलं होतं, दादानं बघितलंय, माझंच नख बोथट झालं असेल. त्या गाड्या जाऊन महिने झाले, तक्रार आली नव्हती. म्हणून मी तिसऱ्यांदाही तेच म्हटलं. चालेल.

आणि बसवला.

गाडी तयार झाली तेव्हा दुकानासमोरच्या अंगणात फिरवून बघितली. गिअर लोण्यासारखे पडत होते. पार्कवर टाकून दादानं मागून धक्का मारला. गाडी जागची हलली नाही. अंगण सपाट आहे. गाडी उतारावर नेऊन बघायला हवी होती. दादा म्हणाला नाही, आणि मी तर मुद्दामच नेली नाही. त्याऐवजी हॅण्डब्रेकची तार आवळली आणि लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, "गाडी उभी केली की हॅण्डब्रेक ओढायचा. दर वेळी. विसरायचं नाही."

"बाबा, पार्कवर टाकल्यावर कशाला?"

"मी सांगतोय म्हणून."

"बरं बाई," ती म्हणाली. रागावलेल्या बापाशी बोलताना ती अशीच म्हणते.

रविवारी सकाळी आम्ही सगळे तिच्याकडे गेलो. वहिनी आणि मी आधी पोहोचलो; दादा लेकीच्या शेजारी बसून त्या गाडीतून येणार होता. मी वर ओट्यावर उभा होतो. खालून गाडी फाटकातून आत वळली आणि चढ चढायला लागली. आवाज असा एकसंध, जड, की माझ्यासारख्या माणसालाही दोन क्षण सगळं विसरायला झालं. वीस वर्षांनी बाबांची गाडी चालत होती. लेक हसत होती. दादा तर खिडकीतून हात बाहेर काढून लग्नातल्या नवरदेवासारखा बसला होता.

गाडी दारासमोर थांबली. दांडा पार्कवर पडल्याचा आवाज मी ऐकला. लेकीचा हात हॅण्डब्रेककडे गेला, तोही बघितला. आणि दादाचं बोलणं उघड्या खिडकीतून स्पष्ट कानावर आलं. "अगं राहू दे ते. आपला कुत्रा आहे ना राखणीला!"

लेकीनं माझ्याकडे बघितलं. बाबा काय म्हणतात, असं. आता बोलायचं होतं. चार पावलांवर होतो मी. नुसतं 'ओढ' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण दादाही माझ्याकडेच बघत होता, खूश होऊन, आणि मी मान डोलावली. कशाला डोलावली, ते मला आजही सांगता येणार नाही. लेकीनं हात मागं घेतला.

ती लंगडत आत गेली, वहिनीच्या पाया पडायला. दादा उतरून गाडीच्या मागं गेला. नवीन बांधलेल्या बॉक्समधून तेल ठिबकतंय का, ते बघायची त्याची सवय. मागं काही हातांवर फाटकाचा दगडी खांब, त्याच्या अलीकडे दादा. तो उकिडवा बसला, डावा हात डिकीवर टेकवला आणि मान खाली घालून गाडीखाली बघायला लागला.

टक्.

आवाज अगदी बारीक होता. घरातल्या कुणाला ऐकू आला नसता. मी ऐकला, कारण मी आठवडाभर त्याचीच वाट बघत होतो.

टक्. टक्.

गाडी चार बोटं सरकली असेल. डिकीवर टेकवलेला दादाचा हात कोपरात वाकला. गाडी त्याचा हात ढकलत होती, आणि त्याच्या हाताला ते कळत नव्हतं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. गाडी येत होती, हात वाकत होता, आणि दादा शांतपणे खाली बघत तेलाचा थेंब शोधत होता.

"दादा, सरक!" मी ओरडलो.

त्यानं मान वर केली. "काय?"

मग टक् टक् असा ओळीनं आवाज झाला, कुत्रा दातांवरून उडत गेला आणि गाडी मोकळी सुटली. मी धावलो, दाराला हात घातला, पण दार माझ्या हातातून निसटलं. गाडी खांबावर जाऊन आदळली. मध्ये दादाचा पाय होता.

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. डॉक्टर म्हणाले, जिवावरचं पायावर गेलं. दोन दिवस तो औषधांच्या गुंगीत होता. वहिनी माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि लेक सारखी म्हणत राहिली, "बाबा, मी ओढणार होते हो. मी ओढणारच होते." मी तिला सांगू शकलो नाही की चूक तुझी नाही, माझी.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादानं डोळे नीट उघडले. खोलीत मी एकटाच होतो. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "कुत्रा होता ना?"

"हो."

"गोल झाला होता?"

"हो."

"तुला लागलं होतं बोटाला?"

मी खाली बघितलं. नाही म्हणायची सोयच नव्हती, मी मान डोलावली.

दादा छताकडे बघत म्हणाला, "मला वर्षभर काही लागत नाहीय बोटांना. अंदाजानं खडू मारतोय."

"मग बोलला का नाहीस?" मी चिडून म्हणालो. त्याच्यावर नाही, कुणावर ते ठाऊक नाही.

"मी म्हटलं, तू बसवतोस. तुझा अंगठा फिरल्याशिवाय राहायचा नाही. वाईट असेल तर तू परत आणशील. भांडशील. मी रोज वाट बघायचो. तू तुकडा उचललास की मी चोरून तुझ्याकडे बघत बसायचो." त्यानं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "तू एकही परत आणला नाहीस. वर्षभरात एकही नाही. मला वाटलं, म्हणजे माझी बोटं अजून शाबूत आहेत. नुसतं कळत नाही एवढंच, पण काम बरोबर करतायत."

मला रडू आलं. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर मी कधी रडलो नव्हतो. तो तसाच पडून होता, आणि मग त्यानं विचारलं तेव्हा माझं रडणं जागच्या जागी थांबलं.

"या वर्षात किती बॉक्स गेले आपले?"

पोरीची गाडी सोडून दहा. दहा गाड्या, दहा कुत्रे, दहांच्या पाठीवर 'चा'. त्यातले दोन माझ्या नखाखालून गुळगुळीत गेलेले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. गाडी सपाटीवरच लावा, चाकाला दगड लावा, आम्ही स्वतः येऊन घेऊन जातो. काही जण हसले, एक जण शिव्या द्यायला लागला, मी ऐकून घेतल्या. नऊ जणांशी बोलणं झालं.

दहावा नंबर लागत होता, उचलत कुणी नव्हतं. पाण्याच्या टाकीखालच्या उतारावर ज्या बाई पाळणाघर चालवतात, त्यांचा. त्यांची जुनी व्हॅन आम्ही चार महिन्यांपूर्वी बांधून दिली होती. ती दिवसभर पाळणाघराच्या दारात, तोंड वर करून उभी असते. फाटक तिच्या मागं, उताराच्या बाजूला. आणि तो कुत्रा त्या दोनांतला होता. पुन्हा लावला. पुन्हा लावला. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते. पोरांना न्यायला आया येतात ती वेळ.

मी आत आलो. दादानं माझा चेहरा बघितला.

"कोण राहिलं?"

"पाळणाघर."

त्यानं चादरीखालून हात काढला आणि माझा हात धरला. घट्ट धरला, बोटांची टोकं माझ्या अंगठ्यावर. ती बोटं थंड होती आणि तर्जनीवर कुसळाची जखम अजून काळी होती.

"जा," तो म्हणाला. "बघून ये."

'बघून ये' हे दोन शब्द तीस वर्षांत त्याच्या तोंडून मी ऐकले नव्हते. मी उठलो, पण जाता येईना.

"अरे जा ना," दादा ओरडला. "थांबलास कशाला?"

"दादा," मी म्हणालो, "तू हात सोड."